मागचा खांदा

जून महिन्यातल्या एका मंगळवारी, अंगणात चादरी वाळत घालता घालता, दोरिंदाने मुलीला सांगितलं की शवपेटी सांगून ठेवली आहे.

"कोणाची?" आंतियाने विचारलं. तिला वाटलं, गावात कोणीतरी गेलं.

"तुझी," आई म्हणाली आणि चादरीला चिमटा लावला. "पांढरी मिळाली, आतून साटिनचं अस्तर आहे. एर्मितासला तपकिरी मिळाली होती, तीसुद्धा एका बाजूने मोडकी."

आंतियाने चिमट्यांची टोपली खाली ठेवली. एकतीस वर्षांची बाई, सहकारी द्राक्षमद्य संघाच्या कचेरीत नोकरीला, नऊ महिन्यांपूर्वी छाती उघडून हृदयाची झडप दुरुस्त करून घेतलेली. सकाळचं चालून येऊन तिला जरासा घाम आला होता, आणि त्या घामाचंही तिला कौतुक वाटत होतं. आधी ती घाम येण्याइतकं चाललीच नव्हती कधी.

"मी पेटीत झोपणार नाही," ती म्हणाली.

"झोपशील. नवस आहे."

आता नवस म्हटलं की त्या डोंगरात कोणी वाद घालत नाही. एकोणतीस जुलैला सांता मार्ताची जत्रा. मरणाच्या दारातून माघारी आलेलं माणूस त्या दिवशी उघड्या पेटीत निजतं आणि घरची माणसं त्याला खांद्यावर घेऊन, पायथ्याच्या दगडी क्रुसापासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत नेतात. पुढे बँड, कडेला नवसाला वाहायचे मेणाचे हातपाय विकणाऱ्या बायका, ओकच्या झाडांखाली ऑक्टोपस उकळणाऱ्या तांब्याच्या कढया. पेटीतली माणसं पंख्याने वारा घेतात आणि ओळखीचं कोणी दिसलं की भुवई उडवतात. शेजारची एर्मितास आतड्याच्या दुखण्यातून उठली तेव्हा तिला अशीच नेली होती. छान डोळा लागला होता, असं ती अजून सांगते.

"तू नवस बोललीस तेव्हा मी कुठे होते?" आंतियाने विचारलं.

"बेशुद्ध होतीस. छाती उघडी होती तुझी."

"मग विचारलंस कोणाला?"

"अगं, अशा वेळी नवस विचारून बोलतात होय?"

"माझं अंग कबूल करायचं तर मला विचारून बोलतात."

दोरिंदाने दुसरी चादर झटकली. शस्त्रक्रिया सात तास चालली होती. चौथ्या तासाला, कॉफीच्या यंत्रासमोर उभं राहून, नाणं हातातच ठेवून ती म्हणाली होती, मार्ताबाई, माझी पोर वाचव, पेटीत घालून तुझ्या दारी आणते. पोर वाचली. मार्ताबाईने आपली बाजू पाळली होती. आता उरली दोरिंदाची बाजू, आणि ती मोडली तर दिलेलं परत घेतलं जातं, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"आई," आंतिया म्हणाली, "तीस वर्षं या गावाने मला अर्धी मेलेली धरलंय. आता उरलेली अर्धीही मेलेली करून दाखवू?"

दोरिंदाने पुढचा चिमटा लावला.

मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं. आंतिया जन्मली तीच झडप जागा सोडून बसलेली घेऊन. हृदयाच्या उजव्या बाजूची ही झडप खाली घसरली होती आणि भिंतीला चिकटून राहिली होती. तिने मिटायला हवं तेव्हा ती मिटायची नाही, रक्त आलं तसं माघारी फिरायचं. जिना चढली की ओठ जांभळे. गावात तिला नावाने हाक मारणारे थोडे, 'बिचारी' म्हणणारे फार. बिचारीला सावलीत बसवा. बिचारीला धक्का देऊ नका रे. जत्रेत कोणी तिला नाचायला विचारायचं तर आधी तिच्या आईकडे बघायचा, हिला चालेल ना म्हणून. कचेरीत तिला टेलिफोनवर बसवलं तेव्हा फुकोमामा म्हणाला होता, बरं झालं, टेलिफोन उचलायला हृदय लागत नाही. आणि मेल्याला वाटलं होतं आपण विनोद केला.

तिशी उलटल्यावर ती स्वतःच व्हीगोच्या इस्पितळात जाऊन म्हणाली, कापा. शल्यविशारदाने झडपेचे पडदे भिंतीपासून सोडवले, फिरवले आणि तिच्याच मांसाचं एक नरसाळं शिवून जागच्या जागी बसवलं. बाहेरचं काही घातलं नाही. जे होतं, तेच सरळ करून लावलं.

एवढं करून डिसेंबरात दोघी तपासणीला गेल्या तर काय, उजव्या कप्प्याचा जोर शस्त्रक्रियेच्या आधीपेक्षा कमी भरला. दोरिंदाला खुर्चीचा हात धरावा लागला. हृदयाच्या डॉक्टर लोरेदो, केस आखूड कापलेली, तोंडाने फटकळ बाई, पडद्यावरचं चित्र दाखवत म्हणाल्या होत्या, "घाबरू नका. आधी झडप गळत होती, रक्त सोप्या वाटेने मागे पळत होतं. कप्प्याला कधी कष्टच पडले नव्हते. आता झडप मिटते, तर सगळं रक्त पुढे ढकलावं लागतंय. आयुष्यात पहिल्यांदा खरं काम करतोय तो. थकणारच. सवय होऊ द्या."

आंतियाने हे सगळं ऐकलं. दोरिंदाने एकच शब्द ऐकला, 'कमी'. तेव्हापासून सकाळची कॉफी देताना ती मुलीची नखं बघायची, निळी पडलीत का ते. आंतियाने मूठ मिटली की म्हणायची, "मी काय बघत होते का?"

मंगळवारच्या त्या भांडणानंतर आठ दिवसांनी दोघी पुन्हा व्हीगोला गेल्या. आंतियाला सायकलवर बसवलं, तोंडाला मुखवटा, छातीला तारा. सायकल जागची हलत नव्हती पण दर मिनिटाला जड होत होती. दोरिंदा कोपऱ्यात पर्स मांडीवर धरून बसली होती आणि दर मिनिटाला म्हणत होती, "पुरे झालं ना?" डॉक्टर लोरेदोंनी तिसऱ्यांदा सांगितलं, "दोरिंदाबाई, सायकलवर ती आहे. तिला ठरवू द्या."

आंतिया उतरली तेव्हा तिचे पाय लटपटत होते, आणि ओठ लाल होते.

"अठ्ठ्याहत्तर टक्के," डॉक्टर म्हणाल्या. "तुझ्या वयाच्या धडधाकट बाईच्या मानाने. आधी बावन्नला बंद पडायचीस. कप्प्याचा जोरही भरून आलाय. आता नीट ऐक. हे दुरुस्त झालेलं हृदय आहे, नवं कोरं नाही. झडप अजून थोडी गळते, आणि दर वर्षी मला तोंड दाखवावं लागेल. पण ते काम करतंय. त्याला कामाला लाव."

"वजन उचलू?"

"किती?"

"एक माणूस. सहाजणांत मिळून."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं, पण विचारलं नाही. "श्वास कोंडून उचलायचं नाही. उचलताना बोलता आलं पाहिजे. बोलणं थांबलं की वजनही थांबवायचं. समजलं?"

"बोलण्यावरच असेल तर आमच्या घरात कोणी मरायचं नाही," आंतिया म्हणाली.

बसमध्ये दोरिंदा खिडकीबाहेर बघत होती. पाच-सहा थांबे गेल्यावर म्हणाली, "गळते म्हणाली ती."

"थोडी म्हणाली."

"गळते ती गळतेच." मग सहज विचारल्यासारखं हळूच, "आणि माणूस उचलायचा म्हणजे कोणता माणूस?"

"ते अजून ठरलं नाही. पेटीत जो असेल तो. मी खाली असेन एवढं नक्की."

दोरिंदाने मग मोठ्या कोर्टात जायचं ठरवलं. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर मुलीचा दंड धरून तिला फादर सेवेरिनोंच्या घरामागे नेलं. फादर ऐंशीच्या घरातले. पाठीला पंप अडकवून वेलींवर मोरचुदाचं पाणी फवारत होते, हात कोपरापर्यंत निळे झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फवारा मात्र थांबवला नाही.

"तुम्ही सांगा हिला," दोरिंदा म्हणाली. "नवस मोडू नये, सांगा."

"नवस कोणी बोलला?"

"मी."

"मग तो तुझ्या मानेवर. नवस ज्याने बोलला त्यालाच बांधतो, दोरिंदा. दुसऱ्याचं अंग देवाला कबूल करता येत नाही. हे माझ्या मनचं नाही, चर्चचा कायदाच तसा आहे."

"पोटची पोर दुसरी कशी?"

"एकतीस वर्षांची आहे, दुसरीच." फादर पुढच्या वेलीकडे सरकले. "तुला मोकळं करतो मी. मेणाचं एक हृदय वाहा, एक मोठी मेणबत्ती लाव. मार्ताबाई समजून घेईल."

दोरिंदा ताठ झाली. "सात तास छाती उघडी होती माझ्या पोरीची, आणि मी मेणबत्तीवर सुटू? तिने मला मेणाची पोर दिली होती का?"

फादर पुढच्या वेलीवर फवारत राहिले. आंतिया जिंकली होती, आणि जिंकून घरी येताना तिला अजिबात बरं वाटत नव्हतं.

पुढचे चार दिवस आईने तोंड उघडलं नाही. ज्या घरात दोघीच माणसं आणि त्यांतली एक गप्प, तिथे चमचा पडला तरी दचकायला होतं. ताट वाढून ठेवलेलं असायचं, कोंबड्यांशी बोलणं ऐकू यायचं, कोंबड्यांशी बोलता बोलता रडणंही. आंतियाला चीड यायची आणि पाठोपाठ वाईट वाटायचं. तिच्या मनात आलं, काय जातंय माझं? अर्धा तास डोळे मिटून पडायचं. आईला झोप लागेल. पण तिला माहीत होतं काय जातंय ते. त्या पेटीतून उठलेल्या माणसाचा फोटो चर्चच्या मागच्या भिंतीवर लागतो आणि जन्मभर लागलेला राहतो. बिचारी, पांढऱ्या साटिनमध्ये. मग तिने अठ्ठ्याहत्तर टक्के काय, शंभर टक्के केले तरी लोक त्या भिंतीकडेच बोट दाखवणार. आई असली म्हणून एवढं तिला आंतिया देणार नव्हती.

पाचव्या दिवशी बटाट्याचं आमलेट कापताना दोरिंदा म्हणाली, "मी निजते."

"कुठे?"

"पेटीत. नवस माझा, मान माझी. पेटी सांगितलेलीच आहे. तुझ्या मापाची आहे म्हणून कमरेत जरा घट्ट होईल, पण कडा धरून बसेन."

"निजतात, आई. बसत नाहीत."

"मग कडा धरून निजेन."

आंतियाने हातातली सुरी ठेवली. "मग खांदा मी देणार."

दोरिंदाने मान वर केली. डॉक्टरने तिच्या देखतच सांगितलं होतं, काय बोलणार?

बोलला फुकोमामा. दोरिंदाचा हा भाऊ ग्रॅनाइटच्या खाणीत तीस वर्षं दगड फोडून आलेला, आणि घरातली कोणतीही पेटी त्याच्याच हुकमाने उचलली जायची, मेलेल्याची असो की जित्याची. त्याने आपले दोन मुलगे, दोन शेजारी आणि स्वतः असा संच जमवला होता. सहावा एर्मितासचा नवरा.

"सहावी मी," आंतियाने त्याच्या अंगणात जाऊन सांगितलं.

"बायकांनी खांदा देऊ नये असं मी म्हणत नाही," मामा म्हणाला. "एर्मितासला तिच्या सुनांनी दिला, चांगला दिला. पण तू नको, पोरी. वाटेत पडलीस तर एकाच फेरीत दोघींना न्यावं लागेल."

दोन्ही मुलगे हसले.

"पडले तर टाकून पुढे जा," आंतिया म्हणाली. "पेटीत जागा नसेलच. आईची कंबर बघितलीस ना?"

आता मामाही हसला. माणूस वाईट नव्हता. डोकं खाजवून म्हणाला, "बरं. पुढे उभी राहा. उजव्या बाजूला, माझ्या पुढे."

"पुढे का?"

"पुढे मान असतो."

"मामा, चढावर सगळं वजन मागच्यांवर येतं. पुढच्यांनी नुसता हात लावला तरी भागतं. तुला वाटलं मला हे कळत नाही? इतकी वर्षं दर जत्रेला कडेला उभी राहून मी दुसरं काय बघितलं?"

मामाचा चेहरा जरा पडला. पकडला गेला होता.

"मी मागे राहणार," आंतिया म्हणाली. "उजवा मागचा खांदा."

तालीम झाली. पेटी आणली, तिच्यात बटाट्याची पोती भरली, दोरिंदाच्या वजनाला एक पोतं जास्तच. आंतियाने खांद्यावर टॉवेलची घडी ठेवली. उचलण्यापूर्वी ती बोलायला लागली, कारण डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, आणि ऐन वेळी काही सुचेना म्हणून संघाच्या सभासदांचे टेलिफोन नंबर म्हणत सुटली. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येईतो सत्तावन्न नंबर झाले. मामाचा धाकटा म्हणाला, "माझा चुकीचा सांगितला हिने." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी मामाने तिच्या उंचीला पुरेल असा टेकू तासून आणला. चढावर दम घ्यायचा तर पेटी ज्या दुबेळक्या काठ्यांवर टेकवतात, त्यांतलाच एक.

एकोणतीस तारखेला ऊन असं होतं की बँडवाल्यांच्या टोप्या ओल्या झाल्या होत्या. त्या वर्षी पाच पेट्या होत्या, त्यांची तिसरी. दोरिंदा निळ्या रविवारच्या झग्यात, बोटांत जपमाळ, डोळे घट्ट मिटून पडली होती. पेटीत बसवताना मामाला आणि त्याच्या थोरल्याला मिळून दाबावं लागलं होतं. पाय पुढे, डोकं मागे. म्हणजे आईचं डोकं बरोबर आंतियाच्या कानाशी आलं.

उचलली. वजन खांद्यातून पाठीत, पाठीतून टाचेत गेलं.

रस्त्याच्या कडेने कुजबुज सुरू झाली. "बिचारी आहे का आत?" "नाही, आई दिसते." "मग बिचारी कुठे?" "मागे बघ, खाली."

"बोल," पेटीतून आवाज आला, ओठ न हलवता.

"तू मेलेली आहेस. गप्प पडून राहा."

"मग तू बोल. बोललं पाहिजे म्हणाली ती."

"बोलते ना," आंतिया म्हणाली. टेलिफोन नंबर तिला आठवत होते, पण तिला दुसरंच काही आठवायला लागलं, आणि मेलेल्या माणसाला मध्ये बोलता येत नाही हा फायदा पुन्हा मिळणार नव्हता. "ऐक मग. सातवीत सगळा वर्ग समुद्रावर गेला. मला तू पाठवलं नाहीस. बाईंनी गाडीत वेगळी जागा ठेवली होती, तरी नाही. मी खिडकीत बसून गाडी जाताना बघितली. आठवतं?"

पेटीत जपमाळेचे मणी वाजले.

"आठवीत मी पोहायला शिकते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, सावकाश चालेल. तू म्हणालीस, डॉक्टरला काय जातंय. नववीत सायकल घेतली होती मी, मावशीने दिलेले पैसे साठवून. ती तू एर्मितासच्या पोराला दिलीस. मला न विचारता. तुला काहीही विचारून करायची सवयच नाही."

मामाचा थोरला पुढून म्हणाला, "आत्या, ही सायकल मला माहीत आहे. मीही चालवलीय." मामाने त्याला गप्प केलं.

क्रुसापासून पहिलं वळण सोपं होतं. दुसऱ्या वळणानंतर खरा चढ लागला आणि पेटी मागे झुकली. आंतियाच्या खांद्यावर आता एक अख्खी आई आली होती. तिने पाय रुंद टाकले. हृदय छातीत आपटत होतं, पण पूर्वीसारखं नाही. पूर्वी ते फडफडायचं, ठोके एकमेकांत गुंतायचे आणि डोळ्यांपुढे राखाडी पडदा यायचा. आता एकेक ठोका सुटा पडत होता, भरून येत होता आणि पुढे जात होता. तिला भीती वाटत होती हे खरं. त्याहून जास्त तिला बरं वाटत होतं.

"दहावीत," ती म्हणाली. "नाच. जत्रेतला. तो उंच मुलगा. मला विचारत होता. तू मध्ये. आलीस."

वाक्यं तुटायला लागली होती.

"म्हणालीस. तिला. नाही." मग नुसता श्वास. मग शब्दच नाही.

एर्मितासचा नवरा बदलीसाठी शेजारून चालतच होता. त्याने पेटीखाली हात घातला. "दे, पोरी. पुष्कळ झालं."

"दे त्याला," मामा पुढून म्हणाला, मान न वळवता. "कोणी नावं ठेवणार नाही."

"टेकू," आंतिया म्हणाली.

थांबायचं कधी हे मामा सांगायचा. कायम मामाच. पेटी दोन पावलं तशीच पुढे गेली.

"टेकू लावा म्हणते ना."

मामाने टेकू लावला. सगळ्यांनी लावले. पेटी खांद्यावरून दुबेळक्यांवर गेली आणि मिरवणूक तिच्यामागे तुंबली. चौथ्या पेटीतला म्हातारा काय झालं म्हणून उठून बसला. बँड पुढे निघून गेला होता. आंतिया हात गुडघ्यांवर ठेवून श्वास घेत होती, मोठे, खालपर्यंत जाणारे. एर्मितासच्या नवऱ्याचा हात अजून पेटीखालीच होता.

दोरिंदाने डोळे उघडले. मान वाकडी करून तिने आधी मुलीची बोटं बघितली, गुडघ्यांवर पसरलेली, नखं गुलाबी. मग तो परका हात बघितला.

"हात काढ तिथून," ती त्याला म्हणाली. "ती जागा भरलेली आहे."

मेलेलं माणूस बोललं म्हणून कडेच्या दोन बायकांनी क्रुसाची खूण केली. एर्मितासच्या नवऱ्याने विस्तव लागल्यासारखा हात काढला.

मिनिटभर गेलं असेल. आंतिया सरळ झाली, टॉवेलची घडी नीट केली आणि खांदा लावला. "उचला," ती म्हणाली. मामाने उचलली.

चार पावलं गेल्यावर तिने विचारलं, "कुठे होतो आपण?"

"दहावीत," पेटीतून उत्तर आलं. "उंच मुलगा. पण नाक वाकडं होतं त्याचं."

"नाकाचं मी बघितलं असतं. तुला कोणी विचारलं होतं?"

"कोणी नाही," दोरिंदा म्हणाली.

आंतिया बोलत राहिली. अकरावी झाली, बारावी झाली, वेगळ्या खोलीसाठी झालेलं भांडण झालं, पोर्तोला न गेलेली सहल झाली. आवाज कधी चढत होता, कधी शब्दाशब्दाने येत होता, पण थांबत नव्हता. पेटीतून मधूनच एखादं 'हो' येत होतं. चर्चच्या पायऱ्यांशी पोचेपर्यंत ती तिशीपर्यंत आली होती, आणि तिथे तिच्या लक्षात आलं की आता तक्रारी संपल्या आहेत. उरलेल्या सात पायऱ्या ती टेलिफोन नंबर म्हणत चढली.

दारात पेटी लाकडी घोडीवर ठेवली. घंटा वाजली. आंतियाचे केस कपाळाला चिकटले होते, चेहरा टोमॅटोसारखा लाल, खांदा टॉवेलखाली सोलवटलेला. ती धापा टाकत होती आणि तिला हसू येत होतं, दोन्ही एकदम.

एर्मितास पंखा आणि पाण्याची बाटली घेऊन धावत आली, तिच्यामागे प्रथमोपचारवाले दोघे स्ट्रेचर उघडत. "बसवा तिला, बसवा," एर्मितास ओरडत होती. "अगं बाई, बिचारीची काय दशा झाली ही. पाणी पी, बिचारे, पाणी पी."

दोरिंदाने एव्हाना एक पाय पेटीबाहेर काढला होता, दुसरा साटिनमध्ये अडकला होता. तिने हात लांब करून एर्मितासच्या हातातली बाटली काढून घेतली.

"तिला काय झालंय?" ती म्हणाली. "इकडे आणा सगळं. आजारी मी होते. एकतीस वर्षं."